ट्रस्टी कंपनीची दहा वर्षांची फी एकदम भरावी का?

ऑस्ट्रेलियात निवृत्तीच्या बचतीचा स्वतःचा सुपर फंड, म्हणजे एसएमएसएफ, चालवणारी बरीच मराठी कुटुंबं कंपनीला ट्रस्टी, म्हणजे फंडाची विश्वस्त, नेमतात. त्या कंपनीच्या एसिककडे, म्हणजे कंपन्यांची नोंदणी बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे, भरायच्या वार्षिक फीबद्दल आलेल्या पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : आमची ट्रस्टी कंपनी चार वर्षांपूर्वी काढली. दहा वर्षांची फी एकरकमी भरता येते असं कळलं. त्यात फायदा किती?

भरता येते, आणि दहा स्वतंत्र बिलांच्या बेरजेपेक्षा ती कमी पडते. फक्त सुपर फंडासाठी असलेल्या कंपनीची वार्षिक फी 2024-25 मध्ये 65 डॉलर होती. दर 1 जुलैला ती थोडी वाढते. एकरकमी भरली की ही वाढ लागत नाही. पण एवढ्या छोट्या फीवर वाचून वाचणार किती? दहा वर्षांत मिळून शे-दोनशे डॉलर. तेवढ्यासाठी मी कुणालाही आग्रह केला नसता.

मी आग्रह करते तो विसराळूपणासाठी. रिव्ह्यू डेटपासून, म्हणजे कंपनीच्या वार्षिक तपासणीच्या तारखेपासून, दोन महिन्यांत पैसे गेले नाहीत, की दंड लागतो. त्याच वर्षीचे दर सांगायचे तर महिन्याभरापर्यंतच्या उशिराला 96 डॉलर आणि त्यापुढे 401. पासष्ट डॉलरच्या बिलावर चारशेचा दंड! एकदा जरी असं झालं, तरी दहा वर्षांची बचत पाण्यात.

आणि दंडावरच भागेल असंही नाही. देय तारखेनंतर वर्षभर फी थकली, तर एसिक कंपनीची नोंदणी रद्द करू शकते. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. घर बदललं, पण कंपनीचा पत्ता बदलायचा राहिला. जुन्या घरातल्या भाडेकरूने त्यांना एक प्लॅस्टिकची पिशवी आणून दिली, त्यात न उघडलेली पाकिटं. आम्ही ती जेवणाच्या टेबलावर तारखेप्रमाणे लावली. आधी बिल, मग दंड, मग आणखी दंड, शेवटी नोंदणी रद्द करण्याची सूचना. तोवर कंपनी संपलेली होती. फंडाचं युनिट, म्हणजे फ्लॅट, आणि शेअर्स त्या कंपनीच्या नावावर. ट्रस्टी म्हणून धरलेली अशी मालमत्ता कायद्याने राष्ट्रकुल सरकारकडे जाते. कंपनी पुन्हा नोंदवून घेतल्यावर ती परत आली, पण त्या महिन्यांत दोघांची झोप उडाली होती. फी आधीच भरलेली असती, तर निदान फी थकली म्हणून ही पाळी आली नसती. पैसे हाताशी असतील आणि फंड दहा वर्षं चालवायचा असेल, तर भरून टाका.

प्रश्न : आमचं 2024-25 चं बिल 65 नाही, 321 डॉलरचं आलं. कंपनी तर सुपरसाठीच आहे.

मग दहा वर्षांची फी भरायच्या आधी हा घोळ मिटवा. सवलतीच्या फीसाठी दोन गोष्टी लागतात. कंपनीचं एकमेव काम सुपर फंडाची ट्रस्टी असणं हे असलं पाहिजे, आणि कंपनीचं उत्पन्न किंवा मालमत्ता भागधारकांना वाटायला तिच्या घटनेत, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, मनाई असली पाहिजे. घटनेची प्रत काढून ही कलमं स्वतः वाचा. असतील, तर कंपनीची नोंद साध्या प्रोप्रायटरी, म्हणजे खासगी कंपनीच्या, वर्गात झाली असावी. एसिककडून ती दुरुस्त करून घ्या. तीच कंपनी फॅमिली ट्रस्टची ट्रस्टी असेल किंवा धंदा करत असेल, तर पूर्ण फी बरोबरच आहे. फंडाने कर्ज काढून घर घेताना जी दुसरी कंपनी काढतात, बेअर ट्रस्टची, म्हणजे घर फक्त नावावर धरून ठेवणारी, तिलाही सवलत नाही. पुष्कळांची गल्लत इथेच होते.

प्रश्न : ही रक्कम मी माझ्या क्रेडिट कार्डावरून भरली तर चालेल?

शक्यतो फंडाच्या बँक खात्यातूनच भरा. घाईत स्वतः भरलीच, तर पावती जपून ठेवा आणि फंडाकडून लगेच तेवढेच पैसे घ्या. तसं केलं नाही, तर ते तुमचं फंडातलं योगदान धरलं जाऊ शकतं आणि ऑडिटर विचारणारच.

करवजावटीचंही विचारलं आहे. वार्षिक फी फंडाच्या चालू खर्चात मोडते. आगाऊ खर्चाची वजावट एरवी वर्षांवर विभागावी लागते, पण हजार डॉलरच्या आतल्या खर्चाला त्या नियमातून सूट आहे. तुमची रक्कम त्याच्या आत बसते, तरी कर सल्लागाराला दाखवून घ्या. कंपनी काढताना झालेला खर्च मात्र भांडवली. त्याची अशी वजावट नाही.

प्रश्न : एकदा भरले की दहा वर्षं एसिककडे बघायला नको ना?

बघायला हवं! वार्षिक पत्रक दरवर्षी येणारच. त्यातले पत्ते आणि संचालकांची नावं तपासायची, आणि कंपनी देणी भागवू शकते असा ठराव दोन महिन्यांत करून फायलीला लावायचा. पत्ता किंवा संचालक बदलला तर 28 दिवसांत कळवायचं. उशीर केलात तर वर सांगितलेले तसलेच दंड तुमच्या मागे लागतील. एटीओची, म्हणजे कर खात्याची, 259 डॉलरची देखरेख फीही वेगळी असते. ती फंडाच्या रिटर्नबरोबर जाते, एसिकला भरलेल्या पैशांशी तिचा संबंध नाही.

प्रश्न : दोघंही साठीच्या आसपास आहोत. तीन वर्षांनी कायमचं पुण्याला जायचा विचार आहे. भरावी का?

तुम्ही भरू नका. न वापरलेल्या वर्षांचे पैसे परत मिळतील असं धरून चालू नये, आणि तीन वर्षांपुरती दरवर्षीची फीच तुम्हाला स्वस्त पडेल.

पण तुमच्या पत्रात मला फीपेक्षा जाण्याचीच जास्त काळजी वाटली. प्रोप्रायटरी कंपनीचा निदान एक संचालक ऑस्ट्रेलियात राहणारा असावा लागतो. दोघंही पुण्यात गेलात, तर ती अट मोडते. फंडाचा कारभारही इथूनच चालला पाहिजे. दोन वर्षांपर्यंतची तात्पुरती गैरहजेरी चालते, पण कायमचं जाणं तात्पुरतं ठरत नाही. फंड अनिवासी ठरून नियमबाह्य झाला, तर मालमत्तेच्या मोठ्या भागावर 45 टक्के कर बसू शकतो. म्हणून तिकिटं काढायच्या आधी फंड बंद करायचा की पैसे मोठ्या सार्वजनिक सुपर फंडात हलवायचे, हे ठरवा. ते मार्गी लागलं, देणी फिटली आणि कंपनीकडे हजार डॉलरपेक्षा कमी मालमत्ता उरली, की तुम्ही स्वतःच नोंदणी रद्द करण्याचा अर्ज देऊ शकता. त्यासाठी फॉर्म 6010 आहे.