कंपासपेटीत चावी ठेवणाऱ्या मुलीला

"मावशी, मी १६ वर्षांची, अकरावीत बायो घेतलंय. आमच्या कॉलनीच्या मराठी मंडळात गणपतीत मुलांचे जे कार्यक्रम असतात त्यांची सगळी जिम्मेदारी यंदा माझ्यावर आहे, शाळेत हाउस कॅप्टन पण मीच. शाळा, मग भंवरकुआंला कोचिंग, मग सात ते नऊ प्रॅक्टिस, घरी येऊन होमवर्क आणि ग्रुपवरचे मेसेज, झोपायला दीड वाजतो. गेल्या शुक्रवारी प्रॅक्टिसमध्ये चक्कर आली, पाणी प्यायले नि परत उभी राहिले, कोणाला सांगितलं नाही. घरी जाऊन छोट्या भावावर इतकी ओरडले की तो रडला, त्याने फक्त माझं पेन घेतलं होतं. मी सोडलं तर सगळं बसेल. आणि एवढी मुलं माझ्यावर अवलंबून असताना स्वतःचं बघत बसणं मला सेल्फिश वाटतं. काय करू? – सगळ्यांची ताई, इंदूर"

अगं बाळा,

पत्र बरंच लांब होतं तुझं, इथे कापून दिलंय. कापलेल्या भागातली एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगते, की ड्रेसच्या कपाटाची चावी तू कंपासपेटीत ठेवतेस आणि टेस्टच्या दिवशीसुद्धा ती तिथेच असते, करकटक आणि खोडरबराच्या मधे. मी त्या चावीवरच अडकले, पण तिच्याकडे नंतर येते.

आधी तब्येतीचं. चक्कर आली हे आज रात्रीच आईला सांग, उद्या नाही. तुझ्या वयाच्या मुलीला चक्कर येते, चिडचिड होते, तर पहिल्यांदा हिमोग्लोबिन बघायचं असतं, साधी रक्ताची तपासणी आहे, १२ च्या खाली निघालं तर डॉक्टर काय ते सांगतील, आणि पाळीत फार जात असेल तर तेही न लाजता सांगायचं. आणि मला एक सांग, तू जेवतेस कधी? अख्ख्या पत्रात दुपारचं जेवण नाहीये, मी परत शोधलं. डबा मधल्या सुट्टीत संपला, शाळेतून थेट कोचिंग, तिथून थेट मंडळ, म्हणजे रात्री साडेनऊपर्यंत पोटात कोचिंगच्या खालचा एक समोसा, फार तर दोन. दुसरा डबा न्यायला लाग. गूळ-तूप लावलेल्या पोळीची सुरळी कर, सोबत मूठभर दाणे, बसमध्ये उभ्याने खाता येतं, भांडं पण धुवायला नको.

झोपेचं ऐक. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते असं डॉक्टर लोक सांगतात, तू दीडला झोपून सहाला उठतेस म्हणजे साडेचार झाले. आता तू म्हणशील मावशी मला अकराला झोपच येत नाही, तर ते खरंय, या वयात शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं, झोपेचं हार्मोन रात्री उशिरा सुटायला लागतं, पण शाळेची बस काही त्या घड्याळाने येत नाही ना. त्यात प्रॅक्टिसला काकू तुम्हाला कॉफी पाजतात. सात वाजताची कॉफी बारा-साडेबारालासुद्धा जवळजवळ अर्धी अंगात असते, ती बंद कर. फोन साडेदहाला किचनमध्ये चार्जिंगला लाव. "दीदी उद्या कुर्ता कोणता घालायचा" हे रात्री बाराला विचारणाऱ्या पोराला सकाळी सातला उत्तर मिळालं तर गणपती काही पाटावरून उठून जात नाहीत.

आता चावी.

मी १८ ची असताना रामबागेत आमच्या पोरींचं लेझीमचं पथक होतं आणि त्याची म्होरकी मी, म्हणजे शिट्टी माझ्या गळ्यात, लेझिमा मोजून मी ठेवायच्या, कोण कुठल्या रांगेत हे मी ठरवायचं. एका वर्षी ताप आला तो चार दिवस गोळ्या खाऊन लपवला आणि विसर्जनाच्या आठवडाभर आधी आडवी झाले, टायफॉइड, तीन आठवडे खाट सुटली नाही. पथक निघालं. पुढे कोण, तर जिला मी कायम मागच्या रांगेत टाकायचे ती एक घुमी मुलगी, माझी शिट्टी गळ्यात घालून. खिडकीतून हलगी ऐकू येत होती आणि खरं सांगते, मला आनंद वगैरे काही झाला नाही, असा राग आला की आईने मोसंबीचा रस आणला तो मी हात लावला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माझ्याशिवाय झालंच कसं! पथक मोडेल याची मला भीती होती असं मीच सगळ्यांना सांगत फिरले होते, आणि ते मोडलं नाही याचंच मला दुःख होत होतं, हे कळायला मला पुढची वीसेक वर्षं लागली.

तुझ्या पूर्ण पत्रात "मी सोडलं तर सगळं बसेल" हे चार वेळा आलंय. एकदा एकटी बसून विचार कर की तुला नक्की कशाची धास्ती आहे. उत्तर मला नको पाठवूस.

आणि सेल्फिशचं म्हणशील तर यंदाचं तुमचं नाटुकलंच अहिल्याबाईंवर आहे ना. १७६७ मध्ये कारभार हातात आला तेव्हा फौजेचं काम त्यांनी तुकोजीरावांकडे सोपवलं आणि स्वतः महेश्वरहून राज्य सांभाळलं, १७९५ पर्यंत, २८ वर्षं. बाईंना तोफखान्यातलंही कळत होतं बरं का, सासऱ्यांनी त्यांना त्या कामाची पत्रं लिहिलेली आहेत, तरी सगळ्या तलवारी त्यांनी आपल्याच कंबरेला नाही बांधल्या. तुमच्या नाटकात हा सीन आहे का? बहुतेक नसणार, हातात शिवलिंग देऊन उभं करण्यापलीकडे कोणी जातच नाही.

तू त्या आठवीतल्या मुलाबद्दल लिहिलंयस, जो रोज पावणेसातलाच येऊन पायरीवर बसतो आणि "फार प्रश्न विचारतो". चावी त्याला दे. सोबत ती वहीपण दे, कोणाचा मुकुट कुठल्या पिशवीत ते लिहिलेली. आणि दिल्यावर रोज "आणलीस ना, आणलीस ना" करायचं नाही. तो एक दिवस चावी घरी विसरणार, नक्की विसरणार, त्या दिवशी मुकुटाशिवाय पायरीवर प्रॅक्टिस होईल, होऊ दे. तू धावत जाऊन डुप्लिकेट आणलीस तर चावी दिलीच नव्हती असं समज. ग्रुपचं अ‍ॅडमिनपण अजून एका मुलीला कर, आणि आठवड्यात एक संध्याकाळ तू जायचंच नाही, आजारी म्हणून नव्हे, तशीच.

मंडळाच्या मोठ्यांशी बोलणं जास्त अवघड आहे, मला माहितीय. आपल्याकडे एखादी पोरगी कामाची निघाली की स्टेजवर बोलावून नारळ देतात, कौतुक करतात आणि पुढच्या वर्षी काम दुप्पट. त्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण कोणी म्हटल्याशिवाय त्यांच्या लक्षातही येत नाही. अध्यक्ष काकांना सरळ सांग, "काका, माझी तिमाही आहे, नाटक मी बघते, आरतीच्या पाळ्या आणि प्रसादाची लिस्ट दुसऱ्या कोणाला द्या." एवढंच. सॉरी म्हणू नकोस, कारणं वाढवू नकोस, कारणं वाढवलीस की ते एकेक कारण सोडवून देतात नि काम तुझ्याकडेच राहतं. फारच वाटलं तर आईला सोबत ने. (जिम्मेदारी शब्द मी मुद्दाम तसाच ठेवलाय पत्रात, आपण इंदूरवाले तेच म्हणतो, माझी पुण्याची नणंद दरवेळी टोकते, टोकू दे.)

शाळेच्या कॅप्टनशिपचं मला फार टेन्शन वाटत नाही, तिथे टीचर आहेत, वर्षभर चालतं, ढकललं जातं.

आणखी एक, हे जरा गंभीरपणे घे. झोप-जेवण सुधारूनही दोन आठवडे मन उतरलेलंच राहिलं, कशातच गंमत वाटेना, विनाकारण रडू यायला लागलं, किंवा नसतेच तर बरं असलं काही डोक्यात आलं, तर ते थकव्याच्या खात्यात टाकायचं नाही. आईबाबांना सांगायचं, आणि त्यांना सांगता येत नसेल तर १४४१६ लाव, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट, रात्रंदिवस. डोक्यात तसलं काही आलं तर दोन आठवडे वाट बघायची नाही, त्याच दिवशी.

भावाला सॉरी म्हण, पण लांबण लावू नकोस, "मी दमले होते, तुझी चूक नव्हती" इतकं पुरे. पेन देऊन टाक त्याला. रविवारी सकाळी दोघं मिळून पोहे-जलेबी खाऊन या, बसून खा, आणि तेवढा वेळ फोन घरी.

अनंत चतुर्दशी झाली की पत्र टाक. चावी किती वेळा हरवली ते लिही.

– तुझी मावशी