उत्तर: डरहॅमच्या मठाचं वेळापत्रक – आधी महिना ठरवा, मग तास

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून एवढ्या रात्री टाइप करत बसलेय, कारण आठ वर्षांपूर्वी मी अगदी हाच प्रश्न घेऊन फिरत होते. तुम्ही लिहिलंय की 12व्या शतकातल्या, उत्तर इंग्लंडमधल्या डरहॅमच्या बेनेडिक्टाइन (म्हणजे सेंट बेनेडिक्टचा नियम पाळणाऱ्या) मठावर कादंबरी चाललीये, नायक नोव्हिस, म्हणजे नवशिका मठवासी आहे, त्याच्या दिवसाचं पक्कं वेळापत्रक हवंय, पण एका साइटवर मॅटिन्स ही रात्रीची प्रार्थना 12 ला, दुसरीवर 2 ला, तिसरीवर साडेतीनला, मग यातलं खरं कुठलं? तर तिन्ही खरी असू शकतात. खरी अडचण तिथेच आहे.

आधीच सांगते, मी इतिहासाची प्राध्यापक नाही, बँकेत नोकरी करते, लॅटिन येत नाही, जे वाचलंय ते इंग्रजी भाषांतरातून. कोणाला चूक दिसली तर जरूर सांगा.

मॅटिन्स, पहाटेचं लॉड्स ते झोपण्याआधीचं कंप्लिन अशा आठ प्रार्थना कुठल्या, क्लॉइस्टर (मठातला ओवऱ्यांचा चौक) म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडते. माझी चूक सांगते, कारण पोस्टवरून तुम्हीही त्याच वाटेने निघालेले दिसताय.

मी एका दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहीत होते, इंग्लंडमधलाच मठ, तोच काळ. सात-आठ साइट्सवरून वेळा गोळा केल्या, त्यातल्या त्यात जमणाऱ्या निवडल्या आणि छान एक्सेल केलं: 2 ला मॅटिन्स, 5 ला लॉड्स, 6 ला प्राइम, 9 ला टर्स, 12 ला जेवण, 6 ला रात्रीचं जेवण, 7 ला कंप्लिन. मग सगळी कथा त्या एक्सेलवर रचली. कथेचा कणा म्हणजे जानेवारीतला एक प्रसंग, रात्रीच्या जेवणाला दोन मठवासी शेजारी बसतात आणि कुजबुजत एकमेकांना एक गोष्ट सांगतात, त्यावर पुढचं सगळं उभं. जवळजवळ वर्षभर लिहून मी ते वसईच्या एका ओळखीच्या फादरना वाचायला दिलं. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, "अगं, जानेवारीत रात्रीचं जेवण कुठून आणलंस?"

सेंट बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे (मठात कसं राहायचं ते सांगणारं त्याचं छोटं पुस्तक) 13 सप्टेंबरपासून पुढे, रविवार आणि सण सोडले तर, दिवसातून एकदाच जेवण, तेही नवव्या तासाला, म्हणजे दुपार कलल्यावर. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तर थेट संध्याकाळी. दोनदा जेवायची चैन ईस्टरनंतर, आणि तेव्हाही पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) झालं की बुधवार-शुक्रवार उपास. आणि जेवताना बोलणं नाहीच, एकजण मोठ्याने वाचणार, बाकीचे ऐकत जेवणार, काही हवं असेल तर खूण करायची. म्हणजे माझ्या प्रसंगातलं जेवणही चूक आणि संवादही चूक. कथा त्या वर्षी गेली नाही, नंतरही कधी पूर्ण झाली नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

आता तासांचं. त्या लोकांचा तास म्हणजे आपला 60 मिनिटांचा तास नव्हे. सूर्योदय ते सूर्यास्ताचे बारा भाग, सूर्यास्त ते सूर्योदयाचे बारा भाग. पंचांगात रोज दिनमान दिलेलं असतं ना, त्याला बाराने भागा, झाला दिवसाचा तास. आपल्याला हे सुचत नाही कारण मुंबईत डिसेंबरचा दिवस साधारण 11 तासांचा आणि जूनचा सव्वातेरा, म्हणजे असा तास 55 मिनिटं ते 66 मिनिटं, फरक जाणवतच नाही. डरहॅम खूप उत्तरेला आहे. तिथे डिसेंबरच्या मध्यावर दिवस जेमतेम सव्वासात तासांचा, म्हणजे दिवसाचा तास 36 मिनिटांचा आणि रात्रीचा तब्बल 84 चा. जूनमध्ये दिवसाचा तास 87 मिनिटांच्या आसपास. एकाच मठातला तोच "तास", सहा महिन्यांत दुपटीहून मोठा!

नियमाच्या आठव्या प्रकरणात लिहिलंय की 1 नोव्हेंबर ते ईस्टर रात्रीच्या आठव्या तासाला उठायचं, म्हणजे झोप अर्ध्या रात्रीहून थोडी जास्त होते. डरहॅमच्या डिसेंबरमध्ये मी हिशोब केला तर हा आठवा तास आपल्या घड्याळाने साधारण दीड ते तीनच्या मध्ये येतो. हिवाळ्यात झोपही बरीच मिळते कारण साडेतीन-पावणेचारलाच सूर्य मावळतो. उन्हाळ्यात उलट, रात्र इतकी लहान की मॅटिन्स झालं, पाय मोकळे करायला थोडा वेळ, की उजाडता उजाडता लॉड्स. (दुपारच्या झोपेची मुभा नियमात उन्हाळ्यातच आहे, ते त्यामुळेच असावं.) तुमचा नोव्हिस जूनमध्ये पेंगुळलेला असेल आणि जानेवारीत भुकेलेला, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी कादंबरी सुटते.

अजून एक, 12व्या शतकात कॅलेंडर जुनं होतं, ज्युलियन. आजच्यापेक्षा 7 दिवस मागे. म्हणजे त्यांची 15 डिसेंबर ही आजच्या हिशोबाने 22 डिसेंबर, सगळ्यात लहान दिवस तिथे. सूर्योदयाच्या वेळा नेटवरून घेणार असाल तर 7 दिवस पुढची तारीख टाका, नाहीतर सगळं सरकेल.

आणि यांत्रिक घड्याळ दाखवू नका प्लीज, ती 13व्या शतकाच्या शेवटाकडे यायला लागतात. त्याआधी पाण्याचं घड्याळ, मेणबत्ती, तारे, आणि ज्याच्यावर उठवायची जबाबदारी त्याचा जीव टांगणीला. आपल्याकडे लग्नात घटिकापात्र ठेवायचे, त्याच जातीची गोष्ट, फक्त यंत्र मोठं. बरी सेंट एडमंड्सच्या मठात 1198 साली रात्री आग लागली, तर तिथलाच मठवासी जोसेलिन लिहितो की पाण्यासाठी काहीजण विहिरीकडे धावले आणि काहीजण घड्याळाकडे! म्हणजे घड्याळात तेवढं पाणी असणार. असा एक तपशील पानभर वर्णनापेक्षा जास्त काम करतो.

आता थोडं मन मोकळं करते. हे सगळं मला आधी का कळलं नाही? कारण मूळ नियम वाचलाच नव्हता. शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात त्याचं इंग्रजी भाषांतर कपाटात होतं, मला काचेतून दिसत होतं. पहिल्या दिवशी म्हणाले मेंबर नाही. मेंबर झाले. मग म्हणाले रेफरन्स सेक्शनसाठी संस्थेचं पत्र लागतं, मी म्हटलं मी कुठल्या संस्थेत नाही, स्वतःसाठी वाचतेय, तर म्हणे मग कशाला हवंय. ओळखीच्या कॉलेजातून पत्र आणलं तर त्यावर जावक क्रमांक नाही. तो घालून आणला तर ज्यांच्याकडे किल्ली ते रजेवर. प्रत्येक वेळी बँकेतून अर्धा दिवस रजा. चार महिने गेले, पुस्तक हातात आलंच नाही, आणि त्या चार महिन्यांत मी वैतागून ते एक्सेल केलं. जुनी भाषांतरं नेटवर फुकट आहेत हे मला तिथे कोणीतरी एका वाक्यात सांगू शकलं असतं. वाचायला आलेल्या माणसाला "कशाला हवंय" विचारणारी जागा ग्रंथालय कशी म्हणायची?

तर तुम्ही आधी ते वाचा. प्रस्तावना आणि 73 छोटी प्रकरणं, दोन संध्याकाळी पुरतात. बाकी सगळ्या साइट्स नंतर. माझं स्पष्ट मत आहे की "मठातला एक दिवस" छाप तक्ते लेखकाने बघूच नयेत.

वाचताना काही गोष्टी आपोआप गळून पडतील. मौनाचं व्रत असं काही तिथे नाही, कमी बोला, ठराविक वेळी बोलू नका आणि कंप्लिननंतर अजिबात नाही, एवढंच. व्रतं तीन: त्याच मठात कायम राहणं, आयुष्याची रीत बदलणं, आज्ञापालन. तुम्ही शीर्षक म्हणून योजलेलं "ओरा एत लाबोरा" (लॅटिनमध्ये "प्रार्थना कर आणि काम कर") नियमात कुठेही नाही, नंतरचं आहे, तेव्हा पात्राच्या तोंडी घालू नका. कपड्यांसकट, कमरेला पट्टा बांधून झोपायचं, पण सुरी काढून ठेवायची, झोपेत लागू नये म्हणून. शयनगृहात रात्रभर दिवा. नोव्हिसचे घरचे कपडे जपून ठेवायचे, कधी मठ सोडून गेलाच तर परत देता यावेत म्हणून. हे शेवटचं वाचून मी बराच वेळ पुढे गेलेच नाही.

एक खास डरहॅमचं: तिथे ॲबट, म्हणजे मठाधिपती, दाखवू नका. ते कॅथेड्रल होतं, ॲबटच्या जागी बिशप, आणि रोजचा कारभार प्रायरकडे, म्हणजे त्याच्या खालच्या मठप्रमुखाकडे. 1083 पासून तसंच.

वसई किल्ल्यात जाऊन फोटो काढलेत ते छान केलंत, चौक आणि ओवऱ्यांचा अंदाज येईल. पण ते फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, म्हणजे फ्रायर, हे संघच 13व्या शतकातले आणि त्यांचं काम गावात लोकांमध्ये. बेनेडिक्टाइन माणूस एका घरात शिरला की मरेपर्यंत तिथला. तेव्हा तिथली दिनचर्या उचलू नका.

अर्थात नियम 6व्या शतकात इटलीत लिहिलेला, डरहॅममध्ये 600 वर्षांनी सगळं अक्षरशः तसंच चालत होतं असं मी म्हणणार नाही. सणांना सूट, आजाऱ्यांना मांस, हे होतंच. पण सूट दाखवायची तर आधी नियम माहीत हवा.

जाता जाता, स्तोत्रांचे आकडे तपासून घ्या. नियमातलं 94वं स्तोत्र आपल्या मराठी बायबलात 95वं आहे, मोजणी वेगळी. तुम्ही लिहिलंय की नोव्हिसला मॅटिन्सला उशीर होतो असा प्रसंग हवाय, तर तो इथेच बसवा. नियमात म्हटलंय की हे स्तोत्र मुद्दाम लांबवत, सावकाश म्हणावं, म्हणजे मागे राहिलेल्यांना पोचता येईल. त्याच्या शेवटचं ग्लोरिया (देवाच्या स्तुतीच्या ओळी) संपल्यावर जो आला त्याने आपल्या जागेवर उभं राहायचं नाही, सगळ्यांच्या शेवटी किंवा वेगळ्या ठेवलेल्या जागी, सगळ्यांना दिसेल असं. जिन्यावर त्याला स्तोत्र ऐकू येतंय, कुठली ओळ चाललीये ते कळतंय, आणि आत बाकीचे त्याच्यासाठी ती ओळ लांबवतायत.