वाचकांचे प्रश्न : सत्ताच नाही, मग खाती कसली वाटता?

गेल्या अंकात ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी जुलै २०२५ मध्ये आपल्या छाया मंत्रिमंडळात (सत्ता नसताना विरोधी पक्षाने खातेनिहाय नेमलेल्या फळीत) केलेल्या फेरबदलाचा ओझरता उल्लेख आला होता. माजी गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली पहिल्या बाकावर, म्हणजे या फळीत, परतले, एवढीच काय ती ओळ. लेख होता दुसऱ्याच विषयावर, पण पत्रं आली ती या ओळीवर. त्यातली काही निवडून घेतो आहे.

सत्ता नाही, सचिव नाहीत, फायली नाहीत. मग विरोधी पक्षातले लोक गृह आणि अर्थ म्हणून आपसांत खाती कसली वाटून घेतात? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातलाच हा प्रकार नव्हे का?
– एक निवृत्त शिक्षक, कोरेगाव (जि. सातारा)

गुरुजी, तुरी बाजारात असतात हे खरं, पण भांडण खोटं नसतं. उलट मी तर म्हणेन की सत्तेतल्या खातेवाटपापेक्षा विरोधी पक्षातलं खातेवाटप पाहावं. सत्ताधाऱ्याकडे नाराजांच्या तोंडावर मारायला महामंडळं असतात, समित्या असतात, गाडी-बंगला असतो. विरोधी पक्षनेत्याच्या हातात यातलं काहीच नसतं. त्यामुळे कोण कुणाचा आणि कुणाचं कुणावाचून अडतं, हे तिथे लगेच उघडं पडतं.

आधी काम काय ते सांगतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक मंत्र्यासमोर विरोधी बाकावर त्याच खात्याचा एक माणूस नेमलेला असतो. आरोग्यमंत्री उभा राहिला की उलटतपासणी छाया आरोग्यमंत्रीच करणार. लंडनला पुतणीकडे गेलो असताना कॉमन्सच्या (तिकडची लोकसभाच ती) प्रेक्षक गॅलरीत काचेआड बसून मी हे एकदा पाहिलं. मंत्र्याच्या बाजूला, अध्यक्षांच्या खुर्चीमागे अधिकाऱ्यांची बैठक असते. आकडा अडला की तिथून चिठ्ठी पुढे सरकते. आपल्या विधानभवनात अधिकारी गॅलरीतून चालतं तसंच. समोर छायामंत्री बाई होत्या. मांडीवर कागदांची चळत, त्यावर पिवळ्या मार्करच्या रेघा, आणि कुठून चिठ्ठी येणार नाही हे ठाऊक असल्याने तोंडपाठ असलेला आकडा. नागपूर अधिवेशनात रात्री दोनपर्यंत आमदार निवासात प्रश्न तयार करणारे दोन-तीन आमदार मी पाहिले होते, त्यांची आठवण झाली. दोन-तीनच, जास्त नाहीत.

आता भांडणाकडे वळू. मे २०२१ चं प्रकरण घ्या. मजूर पक्ष तेव्हा विरोधात आणि नेते किअर स्टार्मर. ईशान्य इंग्लंडमधल्या हार्टलपूलची पोटनिवडणूक झाली. १९७४ मध्ये तो मतदारसंघ तयार झाला तेव्हापासून मजूर पक्षाकडे होता. तो हुजूर पक्षाच्या जिल मॉर्टिमर यांनी ६,९४० मतांनी जिंकला. आधीच सत्तेत बसलेल्या पक्षाने विरोधकांचा गड पोटनिवडणुकीत घ्यावा, हे तिकडे सहसा घडत नाही.

शुक्रवारी निकाल लागला. स्टार्मर यांनी कॅमेऱ्यासमोर जबाबदारी आपली असल्याचं सांगितलं. आणि शनिवारी संध्याकाळी बातमी फुटली की उपनेत्या अँजेला रेनर यांना पक्षाच्या अध्यक्ष आणि प्रचार समन्वयक या पदांवरून काढलं. (हे अध्यक्षपद म्हणजे नेत्याने नेमलेलं संघटनेचं पद. आपल्या प्रदेशाध्यक्षपदाशी त्याची गल्लत नको.) म्हणजे जबाबदारी साहेबांची आणि डच्चू बाईंना. इतर ठिकाणची मतमोजणी अजून चालू होती. मँचेस्टरला मजूर पक्षाचेच अँडी बर्नहॅम त्याच दिवशी दणक्यात पुन्हा महापौर झाले होते. त्यांनीच जाहीरपणे कळवलं की हे आपल्याला मान्य नाही. लंडनमध्ये सादिक खान पुन्हा निवडून आले, पण तीही बातमी या गोंधळात झाकली गेली.

खरी अडचण पुढेच होती. रेनर यांचं उपनेतेपद स्टार्मर यांनी दिलेलं नव्हतंच. एप्रिल २०२० मध्ये ज्या पक्षसदस्यांनी स्टार्मर यांना निवडलं, त्यांनीच वेगळ्या मतपत्रिकेवर रेनर यांना निवडलं होतं. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली, पोटुशी राहिलेली, पुढे वृद्धांची सेवा करणारी कामगार आणि मग युनियनची पुढारी, असा त्यांचा प्रवास. त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. मनधरणी, वाटाघाटी, निरोपानिरोपी यात रविवार गेला. रात्री यादी आली तेव्हा हकालपट्टी झालेल्या बाईंच्या नावापुढे आधीपेक्षा लांबलचक पदं होती: छाया फर्स्ट सेक्रेटरी ऑफ स्टेट, लँकेस्टरच्या डचीच्या छाया चॅन्सेलर, शिवाय ‘कामाचं भवितव्य’ या विषयाच्या छायामंत्री. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी सभागृहात या पदांच्या माळेची यथेच्छ टिंगल केली.

मग किंमत कुणी मोजली? अ‍ॅनेलीस डॉड्स यांनी. छाया अर्थमंत्रिपद त्यांच्याकडून काढून रेचेल रीव्हज यांना दिलं आणि डॉड्स यांना रेनर यांचं रिकामं झालेलं अध्यक्षपद मिळालं. मुख्य प्रतोद निक ब्राउनही गेले. डॉड्स यांच्यामागे सदस्यांची मतं नव्हती. त्यांचं पद नेत्याने दिलेलं होतं, म्हणून नेत्याला ते काढता आलं. गुरुजी, फेरबदलाची कुठलीही यादी वाचताना मी एवढंच बघतो: याला हे पद कुणी दिलं?

पराभवाच्या दुसऱ्या दिवशी माणसं हलवणारा नेता मला कधीच पटला नाही, मग तो लंडनचा असो की टिळक भवनातला. स्टार्मर यांनाही वेळेचं महत्त्व कळलं असावं, कारण पुढचा फेरबदल त्यांनी २९ नोव्हेंबर २०२१ ला केला. तेव्हा पैसे घेऊन वशिला लावणाऱ्या ओवेन पॅटर्सन या आपल्या खासदाराच्या प्रकरणात हुजूर पक्षच अडचणीत होता. यवेट कूपर गृह खात्यावर आल्या, डेव्हिड लॅमी परराष्ट्र, वेस स्ट्रीटिंग आरोग्य, ब्रिजेट फिलिपसन शिक्षण. गंमत म्हणजे त्या सकाळी रेनर सार्वजनिक जीवनातल्या सचोटीवर भाषण देत होत्या. पत्रकारांनी विचारलं तर फेरबदलाचा तपशील आपल्याला ठाऊक नसल्याचं त्यांनी तिथेच सांगून टाकलं. उपनेत्यालाच पत्ता नाही! तरी या वेळी बोभाटा एका दिवसात विरला.

आणि गुडघ्याला बाशिंग म्हणाल, तर जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष सत्तेत आला तेव्हा रीव्हज, कूपर, लॅमी, स्ट्रीटिंग, फिलिपसन हे सगळे त्याच खात्यांचे खरे मंत्री झाले. अडीच-तीन वर्षं ज्या विषयाची उजळणी केली, त्याच विषयाच्या फायली हाती आल्या.

या छायामंत्र्यांना पगार किती असतो?
– एक वाचक, सिन्नर

छायामंत्री म्हणून काहीच नाही. कॉमन्समध्ये विरोधी पक्षनेता, त्यांचे मुख्य प्रतोद आणि दोनपर्यंत साहाय्यक प्रतोद यांनाच सरकारी तिजोरीतून जादा वेतन आहे. बाकीचे खासदारकीच्या पगारावर. विरोधी पक्षनेत्याला वेतन देण्याची कायदेशीर तरतूद १९३७ ची. कार्यालय आणि संशोधन यांसाठी विरोधी पक्षांना १९७५ पासून वेगळा निधी मिळतो. आपल्याकडे संसदेतल्या विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाचा कायदा १९७७ चा, आणि त्यांना दर्जा कॅबिनेट मंत्र्याचा.

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. नेत्याने मर्जीतली माणसं नेमण्यापेक्षा खासदारांनीच छाया मंत्रिमंडळ निवडलं तर जास्त लोकशाही होणार नाही का?
– डोंबिवली

बाई, हा प्रयोग मजूर पक्षाने अनेक दशकं केला आहे. पक्ष विरोधात असला की त्याचे खासदार मतदान करून छाया मंत्रिमंडळ निवडायचे आणि नेत्याच्या हाती फक्त कुणाला कुठलं खातं द्यायचं एवढंच उरायचं. २०१० मध्ये अशी शेवटची निवडणूक झाली, तीत यवेट कूपर पहिल्या आल्या. नेते एड मिलिबँड यांनी छाया अर्थमंत्रिपद मात्र अ‍ॅलन जॉन्सन यांना दिलं. आता आधी अर्थशास्त्राचं प्राथमिक पुस्तक हाती घेतो, असा विनोद जॉन्सन यांनी स्वतःवरच केला. सत्ताधाऱ्यांनी तो पुढे सोडला नाही, आणि जानेवारी २०११ मध्ये खासगी कारणांनी ते बाजूला झाले. त्याच वर्षी पक्षाने ही निवडणूकच बंद केली.

मला विचाराल तर ते बरंच झालं. सहकारी साखर कारखान्याचं संचालक मंडळ पॅनेल टू पॅनेल कसं निवडून येतं हे पाहिलेल्या माणसाला खासदारांच्या त्या मतदानात किती तत्त्व आणि किती देवाणघेवाण असणार, हे सांगावं लागत नाही.

पण नेमणुकीचा हक्क हाती आला म्हणजे नेता मोकळा, असंही नाही. मजूर पक्षाचे आधीचे नेते जेरेमी कॉर्बिन यांचं बघा. डिसेंबर २०१५ मध्ये सीरियातल्या हवाई हल्ल्यांवर चर्चा होती. छाया परराष्ट्रमंत्री हिलरी बेन यांनी स्वतःच्या नेत्याच्या विरोधात, हल्ल्यांच्या बाजूने भाषण केलं आणि सत्ताधारी बाकांवरूनही टाळ्या घेतल्या. कॉमन्समध्ये टाळ्या सहसा वाजतच नाहीत! जानेवारीत कॉर्बिन यांनी फेरबदल काढला. पत्रकार बाहेरच्या बोळात ताटकळत, आत चर्चा चालूच, दिवस उलटला तरी यादी पुरी होईना. शेवटी छाया संस्कृतिमंत्री मायकल डगर गेले, मारिया ईगल यांचं संरक्षण खातं बदललं, आणि बेन होते तिथेच राहिले.

जून २०१६ मध्ये, युरोपीय संघाच्या सार्वमतानंतर, कॉर्बिन यांनी बेन यांना एकदाचं रात्री काढलं. सकाळपासून राजीनाम्यांची रांग लागली. बहुतेक सगळा पहिला बाक रिकामा झाला. खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी नेत्यावर अविश्वास दाखवला. माणसं इतकी कमी पडली की वेल्सचे ८१ वर्षांचे पॉल फ्लिन यांना एकदम दोन छाया खाती सांभाळावी लागली. तरीही सप्टेंबरमध्ये पक्षसदस्यांनी ६१.८ टक्के मतं देऊन कॉर्बिन यांनाच पुन्हा निवडलं. खासदार एका बाजूला, सदस्य दुसऱ्या बाजूला. तुमच्या ‘जास्त लोकशाही’त यातलं कुणाचं मत धरायचं, ते तुम्ही तुमच्या प्राध्यापकांना विचारा. मला उत्तर कळवलंत तर छापेन.

ताजा दाखला हवा असेल तर लूसी पॉवेल यांचा घ्या. हे सत्ताकाळातलं आहे, पण गाठ तीच. सप्टेंबर २०२५ मध्ये मुद्रांक शुल्क कमी भरल्याच्या प्रकरणात रेनर यांनी उपपंतप्रधानपद आणि उपनेतेपद दोन्ही सोडलं. त्याच फेरबदलात स्टार्मर यांनी पॉवेल यांना मंत्रिमंडळातून वगळलं. उपनेतेपदाची निवडणूक लागली आणि ऑक्टोबरमध्ये सदस्यांनी निवडून दिलं ते पॉवेल यांनाच.

आपल्याकडे मनसेने शॅडो कॅबिनेट काढली होती ना? तिचं पुढे काय झालं?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

काढली होती. ९ मार्च २०२० ला, पक्षाच्या वर्धापनदिनी, नवी मुंबईत राज ठाकरे यांनी ती जाहीर केली. सरकारवर खातेनिहाय लक्ष ठेवायचं ही कल्पना उत्तम होती. पण पंधरा दिवसांत देशभर टाळेबंदी आली, आणि मुळात पक्षाचा आमदार एकच होता. छायामंत्र्याला समोर मंत्री लागतो आणि प्रश्न विचारायला सभागृह लागतं. पत्रकार परिषदेतून सावली धरता येत नाही.

मोठ्या पक्षांनी हे का केलं नाही, हा खरा प्रश्न आहे. माझा अंदाज सांगतो. ज्याला छाया महसूल खातं द्याल, तो सत्ता आल्यावर महसूलच मागणार. आघाडीच्या राजकारणात जागावाटपाचा पत्ता नसताना हा शब्द कोण देईल? शिवाय २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी विरोधी पक्षांत सर्वांत मोठ्या पक्षाकडे वीसच आमदार आले. या पदासाठी दहा टक्के आमदारांची अट लागते की नाही याच वादात विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. नेताच ठरेना, तिथे त्याची फळी कुठून आणायची?

आम्ही लेस्टरला राहतो. आमचे खासदार जोनाथन अ‍ॅशवर्थ मजूर पक्षाच्या पहिल्या बाकावर होते. देशभर पक्षाची लाट आणि ते मात्र पडले. नेत्याच्या इतक्या जवळचा माणूस कसा पडतो?
– एक मराठी कुटुंब, लेस्टर

पहिला बाक नेता देतो, खासदारकी मतदारसंघ देतो. अ‍ॅशवर्थ २०२४ च्या प्रचारात रोज टीव्हीवर पक्षाची बाजू मांडत होते, आणि इकडे लेस्टर साउथमध्ये गाझाच्या प्रश्नावरून पक्षावर चिडलेली मतं अपक्ष शौकत अ‍ॅडम यांच्याकडे वळत होती. ९७९ मतांनी गेले. ब्रिस्टलमध्ये थँगम डेबनेअर यांचंही तसंच झालं, त्या ग्रीन पक्षाकडून हरल्या. त्या छाया संस्कृतिमंत्री होत्या. ते खातं मग लिसा नँडी यांना मिळालं. याच नँडींना सप्टेंबर २०२३ च्या फेरबदलात मोठ्या खात्यावरून उतरवून आंतरराष्ट्रीय विकास या दुय्यम खात्यावर बसवलं होतं. तेव्हा बहुतेकांनी त्यांचा पत्ता कट झाला असंच धरलं होतं.