कुस्कोहून एका दिवसाची स्वस्त गाइडेड टूर घ्या, पण ओयान्तायताम्बोला बसमधून उतरा

तुमचा प्रश्न असा: पेरूमधल्या कुस्कोत दोनच दिवस आहेत, खर्च आटोक्यात ठेवायचाय, सोबत 63 वर्षांची आई, दोघंही शाकाहारी. अशा वेळी इंकांचे, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी तिथे राज्य करणाऱ्यांचे, प्राचीन अवशेष दाखवणारी एक दिवसाची स्वस्त गाइडेड टूर घ्यावी, की आपलं आपण फिरावं?

टूर घ्या. 2023च्या ऑगस्टमध्ये मी माझ्या आईला घेऊन हेच केलं, तेव्हा ती 61 वर्षांची होती. मी स्थापत्य अभियंता आहे आणि साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढले, त्यामुळे दगडी बांधकाम हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय. तिथे जाण्याआधी भरपूर वाचलं होतं, गाइडची गरज पडणार नाही असं वाटत होतं. ती पडली, आणि पैसे पूर्ण वसूल झाले. मात्र स्वस्त टूर स्वस्त कशी होते हे आधी समजून घ्या. बस तीच असते, रस्ता तोच असतो, गाइडही पुष्कळदा चांगला असतो. कात्री लागते ती वेळेला. एकेका ठिकाणी जिथे दोन तास हवेत तिथे 45 मिनिटं मिळतात. तेव्हा पैसे कसे वाचवायचे यापेक्षा मिनिटं कुठे वाचवायची, हा विचार जास्त करा.

आधी पैशांचं सांगते. कुस्कोच्या मुख्य चौकाभोवती, म्हणजे प्लासा दे आर्मासच्या आसपासच्या गल्ल्यांत, टूरवाल्यांची छोटी दुकानं ओळीने आहेत. आम्ही माणशी 70 सोल (पेरूचं चलन) दिले, म्हणजे तेव्हाचे साधारण 1550 रुपये. त्यात बस, गाइड आणि उरुबांबा गावातलं बुफे जेवण आलं. पण त्यात अवशेषांचं तिकीट नसतं, आणि बरेच लोक इथेच फसतात. ते तिकीट वेगळं, त्याला 'बोलेतो तुरिस्तिको' म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा परदेशी माणसाला पूर्ण तिकीट 130 सोलला होतं, 10 दिवस चालणारं, 16 ठिकाणांचं. अर्धवट तिकीट 70 सोलला. उरुबांबा नदीच्या खोऱ्याचं अर्धवट तिकीट दोन दिवस चालतं आणि त्यात पिसाक, ओयान्तायताम्बो, चिंचेरो आणि मोराय ही चार ठिकाणं येतात. कुस्कोच्या डोक्यावरच्या साक्सायवामानसाठी दुसरं अर्धवट तिकीट, तेही 70चं. म्हणजे खोरं आणि साक्सायवामान दोन्ही पाहायचं असेल तर 140 होतात, त्यापेक्षा सरळ 130चं पूर्ण घ्यावं. माचू पिक्चू हे इंकांचं डोंगरावरचं प्रसिद्ध नगर, कोरिकांचा हे कुस्कोतलं सूर्यमंदिर आणि मारासची मिठागरं यांपैकी कोणत्याच तिकिटात नाहीत. दर बदलत राहतात, म्हणून जाण्याआधी एकदा पाहून घ्या. पण टूरइतकाच किंवा त्याहून जास्त खर्च तिकिटाचा असतो, हे गणित धरून चला.

टूर दोन प्रकारच्या मिळतील. जुनी म्हणजे पिसाक, मग उरुबांबाला जेवण, मग ओयान्तायताम्बो आणि परतताना चिंचेरो. दुसरीत याच दिवसात मोराय आणि मारासही कोंबलेलं असतं. यादी लांब दिसते म्हणून दुसरी घ्यावीशी वाटेल. घेऊ नका, निदान आईसोबत तरी नको. त्या टूरमध्ये बसमधून चढणं-उतरणंच इतकं होतं की गुडघे बोलायला लागतात.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट विचारा: पिसाकच्या अवशेषांवर नक्की किती वेळ, वाटेत खरेदीला किती ठिकाणी थांबणार, आणि गाइड फक्त इंग्रजीत बोलणार की स्पॅनिश आणि इंग्रजी आलटून पालटून. दोन भाषांची बस स्वस्त असते, पण अर्धा वेळ आपल्याला न कळणाऱ्या भाषेत जातो. मी हे विचारलं नाही. परिणाम असा झाला की पिसाक गावात एका चांदीच्या दुकानात आम्हाला 40 मिनिटं बसवलं आणि वर अवशेषांपाशी गाइडचं बोलणं 20 मिनिटं, पुढे मोकळा वेळ 25 मिनिटं. आई पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांपर्यंतच पोचली. मी इंतिवाताना नावाच्या मंदिरांच्या भागाकडे जवळजवळ पळत सुटले आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरले, कारण बस सुटणार होती. ती दगडी घडण लांबूनच पाहिली. अजूनही त्याची चुटपुट आहे.

तरीही त्या 20 मिनिटांत गाइडने जे दाखवलं ते मला एकटीला दिसलं नसतं. ती खोऱ्यातलीच होती, घरी केचुआ, म्हणजे इंकांची भाषा, बोलणारी. डोंगरउतारावरच्या त्या शेतांना ती 'आंदेनेस' म्हणत होती. मला वाटलं होतं नुसते बांध घालून माती भरली असेल, आपल्याकडे कोकणात वा मावळात खाचरं करतात तशी. तिने एका ढासळलेल्या कोपऱ्याशी नेऊन बांधाचं पोट दाखवलं: तळाला मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू, आणि सगळ्यांत वर सुपीक माती. पावसाचं पाणी मुरून खाली जातं, बांधावर दाब येत नाही. भिंतही उभी नाही, डोंगराकडे किंचित कललेली. आम्ही आज रिटेनिंग वॉलमागे, म्हणजे माती अडवणाऱ्या भिंतीमागे, पाणी निघायला जी व्यवस्था करतो, तीच ही, आणि 500 वर्षांनंतरही काम करतेय. आईला मी हे सगळं मराठीत समजावत होते, तर गाइड थांबून ऐकत उभी राहिली.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण तुम्ही 'प्राचीन' हा शब्द वापरलाय. इंकांचे हे बांधकाम आपल्याला वाटतं तितकं जुनं नाही. पाचाकुती नावाचा राजा 1438च्या सुमारास गादीवर आला आणि पिसाक, ओयान्तायताम्बो, माचू पिक्चू ही सगळी त्याच्या काळातली मानतात. म्हणजे इकडे महाराष्ट्रात बहमनी राज्य चालू होतं तेव्हा. वेरूळचं कैलास लेणं यापेक्षा सुमारे सात शतकांनी जुनं आहे. मला हे कळल्यावर अवशेषांचं मोल कमी वाटलं नाही, उलट वाढलं. लोखंड नाही, चाक नाही, लिपी नाही, ओझ्याला फक्त लामा (उंटाच्या कुळातला लहान प्राणी) आणि माणसाचे खांदे, आणि शंभरेक वर्षांत एवढा पसारा.

आता ओयान्तायताम्बो. माझं सगळं उत्तर खरं तर या गावासाठी आहे.

टूरची बस इथे दुपारी उशिरा येते आणि तासाभरात चिंचेरोकडे निघते. तुम्ही निघू नका. बस ठरवतानाच सांगून ठेवा की आम्ही ओयान्तायताम्बोला उतरणार. यात कोणाला नवल वाटत नाही, कारण माचू पिक्चूला जाणाऱ्या बहुतेक रेल्वेगाड्या इथूनच सुटतात आणि अर्धी बस तशीही इथे रिकामी होते. पैसे कमी होणार नाहीत, पण वेळ तुमचा होतो. सामान कुस्कोच्या हॉटेलात ठेवा, एका रात्रीपुरती पिशवी घ्या. गावात साध्या खोल्या सहज मिळतात.

गाइड तुम्हाला पायऱ्या चढून वर नेईल, सहा प्रचंड शिळांच्या भिंतीपाशी. फिकट गुलाबी ऱ्हायोलाइटचे (ज्वालामुखीच्या लाव्हापासून झालेल्या खडकाचे) दगड, सगळ्यांत जड 50 टनांच्या पुढचे. दोन शिळांच्या मध्ये अरुंद पट्टीसारखे दगड बसवलेत. मग ती समोरचा डोंगर दाखवेल. खाण तिथे आहे, काचिकाता, नदीच्या पलीकडे. म्हणजे हे दगड त्या डोंगरावरून खाली उतरवले, उरुबांबा नदी ओलांडली आणि या डोंगरावर पुन्हा चढवले. वाटेत राहून गेलेले दगड आजही पडलेले आहेत. स्थानिक लोक त्यांना 'थकलेले दगड' म्हणतात. हे नाव ऐकून आई कितीतरी वेळ गप्प होती.

दगड घडवले कशाने? या प्रश्नावर तुम्हाला यूट्यूबवर परग्रहवासीयांपासून काहीही सापडेल. ज्यां-पिएर प्रोत्झेन नावाच्या वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकाने 1980च्या दशकात या भागातल्या खाणींचा अभ्यास करून ते स्वतः करून पाहिलं: नदीतल्या कठीण गोट्यांनी ठोकत ठोकत दगडाला पृष्ठभाग आणि कडा आणता येतात, आणि खुणाही जुन्या दगडांवरच्यासारख्याच उमटतात. आपल्या पाथरवटाला हे सांगितलं तर त्याला अजिबात अशक्य वाटणार नाही. कष्टाचं आहे, एवढंच. सांध्यात चुना नाही, माती नाही, आणि पातं सरकणार नाही इतका घट्ट सांधा. काही दगडांत टी आकाराची खाच दिसेल, ती दोन दगड धातूच्या आकड्याने जोडण्यासाठी. गाइडला ती मुद्दाम दाखवायला सांगा, घाईत ती राहून जाते.

याच उतारांवर 1537 साली इंकांचा राजा मांको इंका याने एर्नांदो पिसारोच्या स्पॅनिश फौजेला मागे रेटलं. पाटाचं पाणी सोडून खालचं मैदान चिखल केलं आणि घोडदळ अडकलं. डोंगर आणि पाणी यांची साथ घेऊन बलाढ्य फौज परतवणं म्हणजे काय, हे किल्ल्यांच्या मुलखातल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. पुढे मांको विल्काबांबाच्या जंगलात गेला, आणि शेवटचा इंका राजा तुपाक आमारू 1572मध्ये कुस्कोच्या चौकात मारला गेला. सकाळी तुम्ही ज्या चौकात बससाठी उभे राहिला असाल, तोच तो चौक.

बसगाड्या निघून गेल्या की पाऊण तासात सगळं शांत होतं. तिकीट आत जाताना एकदाच चालतं, म्हणून बंद व्हायच्या वेळेपर्यंत बाहेर पडू नका. आम्ही सगळ्यांत वरच्या बांधावर बसून राहिलो. खाली गाव दिसतं. तेही इंकांनीच आखलेलं आणि आजही नांदतं, गल्ल्यांच्या कडेने दगडी पाटातून पाणी खळखळतं. सकाळपासून धावपळीत जे काही ऐकलं होतं ते तिथे बसल्यावर जागच्या जागी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचा पिंकुयुना डोंगर चढा. त्यावर इंकांची धान्याची कोठारं आहेत, वाऱ्याच्या झोतात मुद्दाम बांधलेली, आणि प्रवेश मोफत आहे. वाट खड्या चढणीची आहे आणि कठडा नाही, म्हणून आईंना खाली चौकात चहा घेऊ द्या. नंतर तुमच्या दोन दिवसांच्या तिकिटावर टॅक्सीने मोराय किंवा चिंचेरो करत परत या. मोरायला गोलाकार खोलगट बांध आहेत. वरच्या आणि तळाच्या तापमानात बराच फरक पडतो, म्हणून वेगवेगळी पिकं लावून बघायची ती जागा असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. नुसतं परत यायचं असेल तर ओयान्तायताम्बोहून कुस्कोच्या पावीतोस रस्त्यावर येणाऱ्या शेअर गाड्या दिवसभर मिळतात. त्यांना कोलेक्तिवो म्हणतात, आपल्या वडापसारख्या, भरली की सुटते.

आईंच्या तब्येतीचं: कुस्को 3400 मीटरवर आहे, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. विमानातून उतरल्या दिवशी धाप लागते, डोकं दुखतं, झोप नीट लागत नाही. ओयान्तायताम्बो 2800 मीटरच्या आसपास आहे, म्हणून रात्र उंचावर काढण्यापेक्षा खोऱ्यात काढणं शरीराला सोपं जातं. हाही तिथे उतरण्याचा एक फायदाच. रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. कोकाच्या पानांचा चहा तिथे सर्रास देतात आणि तो पेरूत कायदेशीर आहे, पण पानं किंवा टी-बॅग परत आणू नका, बहुतेक देशांत त्यावर बंदी आहे. मे ते सप्टेंबर कोरडा काळ. ऊन बोचरं आणि सावलीत लगेच थंडी, त्यामुळे टोपी आणि स्वेटर दोन्ही एकाच पिशवीत हवं.

जेवणाची काळजी करू नका. बुफेत किनोआचं सूप, उकडलेले बटाटे, मोठ्या दाण्यांचं मक्याचं कणीस, भात, चीज असतं. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' एवढं पाठ करा: मटण-बीफ नको, चिकन नको, मासे नकोत. सूप मांसाच्या पाण्यात केलंय का, हे मात्र वेगळं विचारा. आणि तुमच्या आईंना कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात जरूर न्या. तिथे 'किविचा' मिळेल, आपल्या राजगिऱ्याचंच भावंड, लाह्या करून गोडात बांधलेल्या वड्यांसह. बटाटा आणि शेंगदाणाही मूळचे दक्षिण अमेरिकेतलेच. माझ्या आईने त्या बाजारात उभं राहून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, म्हणजे माझी एकादशी यांच्याच शेतात पिकली की." आम्ही वड्यांची दोन पाकिटं घेतली, एक तिथेच बाकावर बसून संपवलं.