एवढ्यासाठी कुणी नोकरी सोडतं का?

वैशालीने (नाव बदललं आहे) समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत हे विचारलं आणि विचारताना ती हसली. हे हसू माझ्या ओळखीचं आहे. समोरच्याने हसण्याआधी आपणच हसून घ्यायचं, म्हणजे कमी लागतं.

ही जून २०२३ ची गोष्ट. वय ३६. भोसरीतल्या एका कपडे शिवणाऱ्या कारखान्यात तिला नुकतीच चार वर्षं झाली होती. मूळ पगार १३,०००. शिलाईवर चाळीस बायका आणि त्यांना संडास एक. कडी तुटलेली, त्यामुळे आतून ओढणी बांधायची, नाहीतर मैत्रिणीला दाराशी उभं करायचं. अकरानंतर नळाला पाणी नाही. पाळीचे पॅड टाकायला साधी बादलीसुद्धा नाही. कागदात गुंडाळून, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून घरी न्यायचे. पिण्याच्या पाण्याचा कूलर त्याच भिंतीला टेकलेला.

यावर तिने उपाय शोधला होता: सकाळी घरातून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत पाणीच प्यायचं नाही. वर्षात तीनदा युरिन इन्फेक्शन झालं. नवऱ्याचं म्हणणं, "सगळीकडे असंच असतं." सासूबाईंचं म्हणणं, "आम्ही नाही का दिवस काढले?" आता तिलाही वाटायला लागलं होतं, की आपणच जरा नाजूक आहोत.

सोडू की नको, याचा निकाल माझ्याकडून हवा असतो लोकांना. तो मी देत नाही. मी विचारलं, "राहायचं ठरवलं तर तिथे काय बदलायला हवं?"

बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "कडी. आणि पाणी."

"हे ऑफिसात कुणी सांगितलंय?"

नव्हतं सांगितलं. चार वर्षं रोज बायका आपापसांत बोलत होत्या, पण ऑफिसात शब्द गेला नव्हता. "साहेब पुरुष आहेत, मॅडम. त्यांच्यापुढे कसं बोलायचं?" याला भित्रेपणा म्हणायला मी तयार नाही. लहानपणापासून शिकवलेली लाज आहे ती, आणि तिचा फायदा कुणाला होतो हेही मी तिला विचारलं.

आधी मात्र तब्येत. दर वेळी ती मेडिकलमधून त्याच गोळ्या आणायची. लघवीची तपासणी एकदाही झाली नव्हती. पगारातून ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) महिन्याला जवळजवळ शंभर रुपये कापले जात होते आणि कार्ड कपाटात पडून होतं. ते बाहेर काढलं. दवाखान्यात लघवीचं कल्चर (कोणता जंतू आहे, कोणतं औषध लागू पडेल, ही तपासणी) झालं, औषध बदललं. आठवडाभर एक वहीही लिहायला सांगितली: किती वाजता पाणी प्यायलं, किती वाजता लघवीला गेले. वही घेऊन आली तेव्हा ती हसत नव्हती. तीन दिवस सकाळी सातनंतरचा रकाना थेट रात्रीपर्यंत कोरा होता.

मी वकील नाही, पण एवढं मला माहीत होतं. कारखाने अधिनियम, १९४८ तेव्हा लागू होता. त्यात बायकांसाठी वेगळं, स्वच्छ, आडोशाचं स्वच्छतागृह देणं मालकावर बंधनकारक होतं. महाराष्ट्राच्या नियमांत दर पंचवीस बायकांमागे किमान एक. पिण्याचं पाणी संडासापासून सहा मीटरच्या आत नको, हेही त्याच कायद्यात. (आता त्याच्या जागी नवी संहिता आली आहे, जबाबदारी मालकाचीच आहे.) हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आम्ही मेहेरबानी नाही मागत." नाजूकपणाचा विषय नंतर निघालाच नाही.

मग हिशेब. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे कामाचे दिवस २६ धरून: १३,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५. म्हणजे ३७,५००. त्याला अजून वर्ष बाकी. दिवाळीचा बोनस पाच महिन्यांवर. घराचा हप्ता चालू. हे आकडे तिनेच कागदावर मांडले. खरं सांगायचं तर माझा कल तिने वर्षभर थांबावं असाच होता, आणि तो माझ्या बोलण्यातून डोकावलाही असणार.

जुलैत पाच जणींनी सह्या करून अर्ज दिला. एकटीने देऊ नकोस, एवढा सल्ला मात्र मी स्पष्ट दिला होता. एकटीचं नाव लगेच लक्षात राहतं. दोन दिवसांत कडी बसली. आठवड्यात झाकणाची बादली आली. सुपरवायझर आठवडाभर तुटक बोलला, मग विसरला. पाण्याचं आणि दुसऱ्या संडासाचं उत्तर मात्र "बघू". औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते, हे मी सांगितलं. तिथवर जायला बाकीच्या चौघी तयार झाल्या नाहीत. त्यांना दोष कसा देणार?

वैशालीने स्वतःच मुदत ठरवली: दिवाळी. तोवर नळाला पाणी आलं नाही तर ग्रॅच्युइटी गेली तरी चालेल. ऑक्टोबरात चौथं इन्फेक्शन झालं. बोनस हातात पडला आणि नोव्हेंबरअखेर तिने राजीनामा दिला. नवरा चार दिवस धुसफुसला. नवं काम एका छोट्या टेलरिंग युनिटात, पगार १,५०० नी कमी.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. जुन्या मैत्रिणीने कळवलं होतं, की दुसरा संडास बांधून झाला, पाण्याची टाकीही बसली. वैशालीला हसूही येत होतं आणि चीडही.

"बोलावलं तर परत जाल?" मी विचारलं.

"आधी कडी बघून येईन," ती म्हणाली.