मॅनिफोल्ड बदलला म्हणून तुमचा हक्क गेला नाही, पण ते गॅस्केट आधी जपून ठेवा

साताऱ्याच्या एका दादांनी लांबलचक लिहून पाठवलंय, आधी त्यांची हकीकत थोडक्यात सांगते. २०२१ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, बीएस ६. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये त्यांनी कंपनीचा प्लास्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा वाटून देणाऱ्या नळ्यांचा पार्ट) काढून अॅल्युमिनियमचा बसवून घेतला, हवा कमीजास्त सोडणाऱ्या ५० एमएमच्या थ्रॉटल बॉडीच्या जागी ५६ एमएमची टाकली आणि वर ईसीयू रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललं. सगळे मिळून ९२ हजार, त्यातले ६० हजार यूपीआयने, ३२ हजार रोख. बिल नाही, व्हॉट्सअॅपवर कोटेशन आणि ८३ची हॉर्सपॉवर ९७ झाली असं दाखवणारा डायनोचा, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्राचा, एक कागद, बस. पहिल्या आठवड्यापासून उभ्या गाडीला रेस आपोआप वरखाली, चेक इंजिनचा लाइट, आणि गॅरेजवाला म्हणतोय की ईसीयू शिकतोय, हजार किलोमीटर चालवा. अकराशे किलोमीटर झाल्यावर पुण्याहून घरी येताना खंबाटकीच्या चढाला खडखडाट आणि गाडी बंद. साताऱ्यात मेकॅनिकनी हेड उघडलं तर तिसरा पिस्टन फुटलेला, खर्च १ लाख ३८ हजार. आता गॅरेजवाला म्हणतो तुम्हीच गाडी तापवली, रेसिंग पार्टला गॅरंटी नसते, आणि केस केलीत तर मॉडिफिकेशन बेकायदा असल्यामुळे आधी तुमचीच गाडी आरटीओ उचलेल. मित्र म्हणतो जुना मॅनिफोल्ड परत लाव आणि वॉरंटीत टाक.

दादा, सगळ्यात आधी हे सांगते की गॅरेजवाल्याच्या त्या धमकीनं तुम्ही गप्प बसू नका. आरटीओचा विषय वेगळा आणि त्यानं पैसे घेऊन काम खराब केलं हा विषय वेगळा, एकाची भीती घालून दुसऱ्यातून सुटता येत नाही. मी वकील आहे, माझ्याकडे असे लोक येतात ते बहुतेक दीड-दोन वर्षं गप्प बसून मग येतात, तोपर्यंत इंजिन बांधून झालेलं असतं, जुने पार्ट भंगारात गेलेले असतात, आणि मग माझ्या हातात काहीच उरत नाही, त्याचं मला फार वाईट वाटतं.

आरटीओचं स्पष्ट करून टाकते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. त्याच कलमात खाली स्पष्टीकरण आहे की बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार ज्यानं तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र यांच्या केरळच्या केसमध्ये हे कलम कडकपणे वाचलं आणि कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला हात लावायचा नाही असं सांगितलं. त्यानंतर १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १८२अ लागू झालं, त्याच्या चौथ्या पोटकलमात मालकानं परवानगी नसलेला बदल केला, रेट्रोफिटिंगसुद्धा त्यात धरलंय, तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हे दंड भरून मिटवता येण्यासारख्या गुन्ह्यांत मोडतं, म्हणजे लगेच जेलची स्वप्नं बघू नका.

आता मॅनिफोल्ड आणि थ्रॉटल बॉडीचा रकाना आरसीवर नसतो, इंजिन नंबर तोच, सीसी तेच, त्यामुळे मूळ वैशिष्ट्य बदललंच नाही असा युक्तिवाद नक्की करता येतो आणि मी तो करीन. पण आरसीवर हॉर्सपॉवरही लिहिलेली असते आणि तुमच्याकडचा कागद ८३ची ९७ झाली म्हणतोय. हा कागद दोन्ही बाजूंनी कापतो बघा, गॅरेजनं काय कबूल केलं याचा तो तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे आणि आरसीशी गाडी जुळत नाही हेही तोच सांगतो. तरीही तो लपवू नका, ग्राहक आयोगातली तक्रार तुम्ही प्रतिज्ञापत्रावर करणार आहात, तिथं अर्धवट सांगितलेलं उलटतपासणीत बाहेर आलं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. माझ्या मते ५-१५ हजारांच्या दंडाची जोखीम घेऊन अडीच लाखांचा दावा उघडपणे लढणं शहाणपणाचं. एंजिन दुरुस्त होईल तेव्हा जुना मॅनिफोल्ड, जुनी थ्रॉटल बॉडी आणि कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घ्या आणि नवीन पीयूसी काढा, मग रस्त्यावरच्या गाडीबद्दल कुणाला बोलायला जागा राहत नाही. जुने पार्ट गॅरेजमध्येच राहिले असतील तर ते नोटिशीत मागून घ्या, ते तुमचे आहेत.

मित्राचं मात्र अजिबात ऐकू नका. रीमॅप केलेल्या ईसीयूमधून कॅलिब्रेशनचा तपासणी क्रमांक स्कॅनर लावून वाचता येतो, सॉफ्टवेअर बदललं की तो क्रमांक जुळत नाही, त्यामुळे मॅनिफोल्ड बदलून लपवालपवी होते हा गैरसमज आहे. आणि पकडलं गेलं नाही तरी ती फसवणूकच, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आज तुम्ही फसवले गेलेले ग्राहक आहात, ते केलंत तर उद्या आरोपी व्हाल. तसंच इन्शुरन्समध्ये अपघात दाखवून टाकू या असं कुणी सुचवलं तर तेही नको, साध्या पॉलिसीत मेकॅनिकल ब्रेकडाउन बसतच नाही.

आता तुमच्या खऱ्या केसकडे येते. मेकॅनिकनी पाठवलेले फोटो मी मोठे करून दोनदा पाहिले. मॅनिफोल्ड आणि हेडच्या मधलं गॅस्केट, म्हणजे हवा गळू नये म्हणून लावलेली पातळ पट्टी, तिसऱ्या पोर्टपाशी (तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या तोंडापाशी) आत ओढलं गेलंय, कडेला काळी रेघ उठलीय, आणि बाकीच्या पोर्टांवर ते जागच्या जागी आहे. यावरून मला जे समजतं ते असं की मॅनिफोल्डच्या तिसऱ्या नळीपाशी बाहेरची हवा आत शिरत होती, ईसीयू चारही सिलिंडरला सरासरी बघून पेट्रोल देतो, म्हणून नेमका तिसराच सिलिंडर पेट्रोल कमी पडून कोरडा चालला, त्यात चढ आणि पूर्ण लोड, मग आत ठोका बसायला लागतो आणि पिस्टन जातो. तुम्ही म्हणता तो पहिल्या आठवड्यापासूनचा रेसचा चढउतारही हवेच्या लीकशी जुळतो. गाडी नुसती तापवल्यानं एकच पिस्टन आणि त्याच पोर्टचं गॅस्केट जाण्याचा योग जुळवून दाखवणं गॅरेजवाल्याला अवघड जाईल. पण हे मी वकील म्हणून सांगून चालत नाही, हे जाणकार माणसानं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं पाहिजे. परवानाधारक सर्व्हेअर किंवा शासकीय तंत्रनिकेतनातले ऑटोमोबाइलचे प्राध्यापक गाठा. त्या पाहणीची तारीख ठरवून गॅरेजवाल्याला स्पीड पोस्टनं आणि व्हॉट्सअॅपवर आधी कळवा, यायचं तर ये, म्हणजे नंतर माझ्या माघारी केलं असं म्हणायची त्याला सोय राहत नाही. आणि ती पाहणी होईपर्यंत खालचं चेंबर, बेअरिंग काहीही उघडायचं नाही, तेल बदलायचं नाही, कारण गॅरेजवाल्याचा बचाव हाच असणार की तुम्ही तेल न बघता पळवली, आणि ते खोटं ठरवायला बेअरिंगच बोलतील.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सदोष माल आणि सेवेतली त्रुटी असं दोन्ही मांडायचं. बिल दिलं नाही म्हणून घाबरता आहात, उलट बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, म्हणजे हा मुद्दा तुमच्या बाजूचा. यूपीआयची नोंद, कोटेशन, "हजार किलोमीटर चालवा" हा मेसेज, ३२ हजार रोख देताना सोबत असलेल्या भावाचं शपथपत्र, इतकं पुरेसं होतं. मेसेजची नुसती स्क्रीनशॉट नको, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, फोन फॉरमॅट करू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र मी जोडून घेईन. रेसिंग पार्टला गॅरंटी नाही असं कार्डावर छापलेलं असलं तरी त्यामुळे फिटिंग नीट करायची जबाबदारी जात नाही. इथं एक खुबी सांगते, त्या अटीला "अन्याय्य करार" असं नाव देऊन तक्रारीत लिहू नका, अन्याय्य कराराच्या तक्रारी जिल्हा ग्राहक आयोग ऐकत नाही, त्या राज्य आयोगाकडे जातात, म्हणजे उगाच लांबच्या फेऱ्या. सेवेतली त्रुटी म्हणूनच मांडा.

बेकायदा करार होता म्हणून पैसे परत मिळणार नाहीत असं गॅरेजवाल्याचा वकील म्हणेल. करार कायद्याचं कलम ६५ असं सांगतं की करार रद्दबातल निघाला तर ज्यानं फायदा घेतला त्यानं तो परत करायचा. शिवाय रोज हेच काम करणारा तो, गाडी रस्त्यावर चालणार हे माहीत असलेला तो, आणि तुम्हाला त्यानं एकदाही सांगितलं नाही की हे आरसीशी जुळणार नाही. मी तरी हे आयोगासमोर ठासून मांडीन.

तक्रार साताऱ्यातच करता येते, गॅरेज पुण्यात असलं तरी, कारण ग्राहक राहतो तिथं दाखल करायची मुभा २०१९च्या कायद्यात आहे. दिलेले पैसे ५ लाखांच्या आत आहेत म्हणून फी शून्य. मुदत २ वर्षं. मागणीत ९२ हजार परत, १ लाख ३८ हजार दुरुस्ती, टोइंग, तज्ज्ञाची फी आणि मनस्ताप हे सगळं वेगवेगळं लिहायचं. त्याआधी १५ दिवसांची नोटीस, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करून ठेवा, कधीकधी तिथल्या एका फोननंच गॅरेजवाले तडजोडीला येतात. तडजोड झालीच तर तोंडी नको, रक्कम बँकेत आल्यावरच सही करा.

आता एक काम आजच करा. त्या मेकॅनिकला फोन करून सांगा की गॅस्केट, फुटलेला पिस्टन, नवा मॅनिफोल्ड आणि थ्रॉटल बॉडी वेगवेगळ्या पिशव्यांत घालून प्रत्येकीवर तारीख, गाडीचा नंबर आणि किलोमीटर लिहून ठेव, पिशवी बंद करतानाचा व्हिडिओ काढ आणि पेट्रोलनं काहीही धुऊ नको. गॅस्केटवरची ती काळी रेघ धुतली गेली तर ती पुन्हा आणता येणार नाही.