सगळं खरं सांग

प्रिय लेकी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

शिबिरात तुझ्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, बंधन तुटलं असं जाहीर झालं, तू वडिलांना क्षमा केलीस. आणि तरी त्यांचा फोन वाजला की छाती आवळते. म्हणून विचारतेस, माझा विश्वासच कमी आहे का? त्यात येत्या रविवारी मंडळीपुढे साक्ष द्यायची आहे, प्रभूनं मला पूर्ण बरं केलं म्हणून.

ती साक्ष देऊ नकोस. पाळकांना सांग, आत्ता नाही.

तुझा विश्वास कमी आहे असं मला मुळीच वाटत नाही. पण तू देवाला अर्धंच सांगितलं आहेस. 'वडील रागीट होते, मी त्यांना क्षमा केली,' एवढ्यावर आटोपलंस. रागीट म्हणजे काय गं? त्यांनी नेमकं काय केलं? तू तेव्हा केवढी होतीस? आई मध्ये का पडली नाही? आणि त्या रात्री देव कुठे होता असं तुला वाटलं? सगळं खरं सांग. माझ्यापाशी दुसरं औषध नाही.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायातली ती स्त्री आठव. 12 वर्षांचा रक्तस्राव, येशूच्या वस्त्राला हात लावताच थांबला. शरीर बरं झालं, ती गर्दीत निघून जाऊ शकली असती. येशू याईराच्या घरी निघाला होता, त्याची मुलगी मरणाच्या दारात होती, घाई होती, तरी येशू थांबला आणि मला कोणी शिवलं असं विचारत राहिला. मग तिनं भीत भीत त्याला सगळं खरं सांगितलं. शांतीनं जा, हे शब्द तिला त्यानंतर मिळाले, आधी नाही. मधली ती थांबण्याची जागा आपण आपल्या मेळाव्यांतून काढून टाकली आहे, आणि याचा मला अजून राग येतो.

आणि योसेफ. त्याची गोष्ट आपण नेहमी शेवटाकडून सांगतो: देवानं वाइटाचं भलं केलं. मध्ये काय झालं ते वाच. 17 वर्षांचा होता तेव्हा भावांनी विकलं, 30व्या वर्षी मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला. पहिल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं, कारण देवानं मला माझे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं असं तो म्हणाला. ती त्याची साक्ष होती, आणि त्यानं ती मनापासून दिली असणार. मग दुष्काळ पडला, भाऊ धान्यासाठी समोर आले, आणि 'विसरलो' म्हणणारा हा माणूस बाजूला जाऊन रडला. पुढे पुन्हा रडला. शेवटी स्वतःची ओळख दिली तेव्हा तर इतक्या मोठ्यानं की मिसरी लोकांना ऐकू गेलं. विकलं गेल्याला तोवर वीसहून जास्त वर्षं झाली होती. याचा विश्वास कमी होता, असं कोणी म्हणेल का?

आणखी एक बघ, कारण तुझा खरा घोळ इथे आहे. त्यानं ओळख लगेच दिली नाही. शिमोन या भावाला अडकवून ठेवलं, सगळ्यांत धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत प्याला ठेवायला लावला. धाकट्याला हे पुन्हा सोडून जातात की नाही, ते त्याला पाहायचं होतं, असं मी ते वाचतो. क्षमा करणं आणि पुन्हा भरवसा ठेवणं या दोन गोष्टी आहेत, लेकी. पहिली देवापुढे तुझी एकटीची आहे. दुसरीला समोरच्याचं बदलणं लागतं. वडिलांचा प्रत्येक फोन उचललाच पाहिजे असं शास्त्रात कुठेही नाही.

तरुणपणी मलाही सांगितलं होतं, क्षमा केलीस ना, मग आता तो विषय काढायचा नाही. मी मान डोलावली. वर्षानुवर्षं हसऱ्या चेहऱ्यानं उपासना चालवली, आणि घरच्यांना माझं मौन तेवढं मिळालं. ती वर्षं परत येत नाहीत. मी लोकांना जुन्या जखमा उकरायला लावतो असं काही जण म्हणतात. म्हणोत. दाविदाच्या, मंदिरात गाणाऱ्या कोरहपुत्रांच्या तोंडी इतकी विलापगीतं देवानं ठेवली, ती काय पानं भरायला? 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, आणि तरी ते आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. माझा हट्ट असेल तर तो तिथून आला आहे. मी तो सोडणार नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की धर्म मला सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं गेली. एवढ्या विदुषीला हे लिहायला लाज वाटली नाही. तू तर शिबिराहून परतून काही आठवडेच झालेत.

वाढ कशी ओळखायची, असंही विचारलंस. त्यावर फार लिहीत नाही. प्रार्थनेत नाटक कमी होत गेलं की वाढ चालू आहे, एवढं धर. सगळं बरं होईपर्यंत सेवेतून बाहेर बसायचीही गरज नाही. 'माझ्यावर प्रेम करतोस का' असं येशूनं तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला दुःख झालं, आणि त्याच दुःखात त्याला मेंढरं सोपवली गेली.

झोप लागत नाही असं ओझरतं लिहून गेलीस, ते मात्र मी सोडणार नाही. समुपदेशकाची वेळ घे, याच आठवड्यात. त्यात अविश्वास कसला? एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवानं त्याला आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर गेल्यावर.

आज रात्री 88वं स्तोत्र मोठ्यानं वाच. मग वही घे आणि वडिलांनी काय केलं ते देवाला लिही, एकही शब्द मवाळ न करता. मला ते दाखवू नकोस. मला फक्त कळव, पाळक काय म्हणाले आणि समुपदेशकाची वेळ कधीची मिळाली.

तुझा,
काका